किनेसिऑलॉजी घेऊन डॉक्टर होता येतं का? की शेवटी पी.टी.चा मास्तरच?

मिल्टनकरीण (रविवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही कॅनडात, ऑन्टारियो प्रांतात, मिल्टनला. थोरला बारावीत आहे. जानेवारीच्या मध्याला विद्यापीठांचे अर्ज जायला हवेत आणि घरात महाभारत चालू आहे. त्याला किनेसिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, घ्यायचंय. पुढे काय, असं विचारलं तर म्हणतो, "मेडिकलला ट्राय करेन, नाहीतर टीचर होईन." पोळी नाहीतर भात म्हणावं इतक्या सहज.

आमचे हे सोलापूरचे, इंजिनिअर. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आहे: शाळेचं मैदान, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. "एवढे डॉलर भरून पी.टी.चा मास्तर होणार का?" हे वाक्य या आठवड्यात मी चार वेळा ऐकलं. त्यांचं म्हणणं, डॉक्टर व्हायचं तर लाइफ सायन्सेस घे, मास्तरच व्हायचं असेल तर गणित घे, हे मधलंच काय काढलंस?

लेकाचे मार्क सांगते. बायोलॉजी ९१, इंग्लिश ८८, फंक्शन्स (म्हणजे गणित) ८६, केमिस्ट्री ८३ (इथेच रडतोय), आणि पीएसके, म्हणजे बारावीचा किनेसिऑलॉजीचा विषय, त्यात ९६. फिजिक्स अकरावीनंतर सोडलं. शनिवारी कम्युनिटी सेंटरला चिल्ल्यापिल्ल्यांना पोहायला शिकवतो.

मला स्वतःला तो चुकतोय असं वाटत नाही, त्याचं कारण सासूबाई. गेल्या उन्हाळ्यात त्या गुडघ्याचं ऑपरेशन करून इकडे आल्या. व्यायाम म्हटलं की डोळे मिटून घ्यायच्या. फिजिओचा कागद फ्रिजवर लावलेला, तो तसाच. हा पठ्ठ्या रोज शाळेतून आला की समोर खुर्ची टाकून बसायचा. सेकंद मोजायचे नाहीत, एक शुभंकरोति होईपर्यंत पाय सरळ धरायचा, असा करार झाला. चौथ्या दिवशी आजी शुभंकरोति राजधानी एक्सप्रेससारखी म्हणायला लागल्या. तर यानं मधे "दीपज्योति नमोऽस्तु ते" दोनदा म्हणायचं, असा नियम काढला! सप्टेंबरात सासूबाई आमच्या जिन्यावरून रेलिंग न धरता उतरल्या.

तर प्रश्न असा, की किन घेऊन मेडिकलचा रस्ता अवघड होतो का? मास्तरकीचा रस्ता खरंच उघडा राहतो का? आणि दोन्ही जमलं नाही, तर नुसत्या या डिग्रीवर पोट भरतं का? इथे कोणी हे केलेलं असेल तर कृपया लिहा. ऐकीव माहिती आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भरपूर झाली आहे.

काळा_चहा (सोमवार, सकाळी ७:०५)

सरळ भारतात पाठवा एमबीबीएसला. साडेपाच वर्षांत डॉक्टर होऊन बाहेर. तिकडे आधी चार वर्षं कसली तरी डिग्री, मग मेडिकल, हे आपल्याला परवडणारं नाही. लग्नाचं वय निघून जातं.

मोडकी_छत्री (सोमवार, सकाळी ८:४०)

काळा_चहा, बाहेर पडून परत कॅनडात आला की तो परदेशी पदवीधर. परीक्षा देईल पास होईल, पण रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या, जागा अशांसाठी मोजक्याच असतात आणि त्याच खऱ्या गळ्याला फास लावतात. माझ्या मावसभावाने तिकडून एमबीबीएस करून इथे सहा वर्षं काढली, सध्या लॅबमध्ये नोकरी करतो. त्यामुळे हा सल्ला जरा बेतानं.

मिल्टनकरीण, माझी मुलगी किन करून फिजिओथेरपिस्ट झाली, तेवढंच सांगू शकतो. मी स्वतः अकाउंटंट, स्नायू आणि शिरा यातला फरक मला अजून नीट कळत नाही.

इथे फिजिओ ही मास्टर्स आहे, साधारण दोन वर्षांची. आपल्याकडे बारावीनंतर थेट बी.पी.टी.एच., तसं नाही. आधी कुठलीतरी चार वर्षांची पदवी हवी. ऑन्टारियोत पाच ठिकाणी होते: टोरांटो, मॅकमास्टर, क्वीन्स, वेस्टर्न आणि ऑटवा, त्यातलं ऑटवाचं फ्रेंचमध्ये. अर्ज सगळे एकाच खिडकीतून, ओआरपास म्हणतात. आणि आमच्या पोरीला वाचवलं ते त्यांच्या एका नियमानं. ते मार्क बघताना शेवटची दोन वर्षं धरतात. पहिल्या वर्षी तिनं हॉस्टेलच्या नादात माती खाल्ली होती. स्टॅटिस्टिक्सला ६१. मेडिकलवाल्यांकडे अशी माफी सगळीकडे मिळत नाही.

तिच्या वर्गातल्या किनवाल्यांपैकी डॉक्टर व्हायचंय म्हणत आलेले पुष्कळ होते. तिसऱ्या वर्षाला त्यातले निम्मे फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, नर्सिंग नाहीतर बी.एड. म्हणायला लागले. हे मी वाईट म्हणून सांगत नाही. लाइफ सायन्सेसमधून डॉक्टर न झालेल्या पोरांना चौथ्या वर्षी "आता काय" म्हणून दातखीळ बसते, ती मी शेजारी पाहिली आहे. किनवाल्यांच्या हाताला निदान काहीतरी येत असतं.

अवांतर: शुभंकरोतिचा किस्सा बायकोला वाचून दाखवला. तिनं तो पुढे चार जणींना पाठवला आहे, रागावू नका.

धोबीपछाड (सोमवार, रात्री १०:१५)

मिल्टनकरीणताई, मी याच रस्त्यानं गेलेय, आणि दोन्ही फाटे पायाखालून घातलेत. लांबण लागणार, चहा ठेवा.

मी मूळची कोल्हापूरची, अकरा वर्षांची असताना इकडे आले. आजोबा तालमीत वस्ताद होते, त्यामुळे शरीर हा विषय घरात होताच. जोर, बैठका, माती, बदाम, सगळं कानावरून गेलेलं. किनेसिऑलॉजी हे नाव मात्र कॉलेजचे अर्ज भरताना कळलं. बारावीचा विषय तेव्हा एक्सरसाइज सायन्स म्हणून होता, पीएसई. २०१५ च्या नव्या अभ्यासक्रमात त्याचं पीएसके झालं. आज मी तोच विषय शिकवते. म्हणजे तुमच्या लेकाला ९६ मिळाले तसल्या वह्या माझ्या टेबलावर या क्षणी पडल्यात, तपासायच्या राहिल्यात.

आधी ती डिग्री म्हणजे काय ते सांगते, कारण साहेबांची शिट्टी तिथूनच वाजायला लागलीय. मी २००८ ला गेले, २०१२ ला बाहेर पडले. चार वर्षांत खेळ जवळजवळ नाहीच. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोमेकॅनिक्स, मोटर कंट्रोल (मेंदू हालचाल कशी चालवतो ते), न्यूट्रिशन, स्टॅटिस्टिक्स, वर खेळाचं मानसशास्त्र आणि समाजशास्त्र. बास्केटबॉल खेळायला मिळेल म्हणून आलेली पोरं पहिल्या मिडटर्मला गळतात.

बायोमेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आम्ही एकमेकींच्या घोट्याला, गुडघ्याला, खुब्याला चमकते ठिपके चिकटवून उडी मारायची आणि मग एकेक फ्रेम बघत प्रत्येक सांध्यावर किती बळ आलं त्याचं गणित मांडायचं. माझी एका उडीची वही अकरा पानांची झाली होती. फिजिक्स सोडलंय म्हणालात ना? ते इथे मागच्या दारानं परत येतं, त्याला आत्ताच सांगून ठेवा.

अ‍ॅनाटॉमी आम्हाला देहदान केलेल्यांच्या शरीरांवर शिकवली. पहिल्या दिवशी सरांनी चादर फक्त हातावरून बाजूला केली, चेहरा झाकलेलाच ठेवला. एका आजींचा हात होता, नखांना फिकट गुलाबी रंग तसाच. मला तेव्हा माझी आजी आठवली आणि मी बाहेर जाऊन पाणी प्यायले. परत आत गेले ते दोन तास हलले नाही. मनगटाची आठ हाडं पाठ होईनात, तर मी बसल्या जागी मराठीत ओळ केली: "सखू, लाडू ताटात पाच, टम्म टोपलं काकांना हवं." स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म, ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. अंगठ्याकडून करंगळीकडे, आधी कोपराकडची ओळ, मग बोटांकडची. माझ्या वर्गातली फिलिपिनो, सोमाली आणि पंजाबी पोरं आज ही ओळ म्हणतात. 'टम्म' म्हणताना गाल फुगवतात.

आता मेडिकल. तुमच्या साहेबांच्या डोक्यात पुण्या-सोलापूरचा हिशेब आहे: विषय घेतला की दिशा ठरली. इथे तसं नाही. मेडिकलला जायला पदवी कुठली याला किंमत फार कमी. मॅकमास्टरला तर आधी केलेल्या विषयांची अटच नाही. किन चालतं, संगीतही चालतं. किंमत आहे मार्कांना. आणि मार्क म्हणजे कसे, ते बघा. अर्ज ओमसासच्या खिडकीतून जातात आणि ते प्रत्येक विद्यापीठाचे मार्क आपल्या कोष्टकातून ४ पैकी करून घेतात. आमच्या कोष्टकात ८५ म्हणजे ३.९, आणि ८४ म्हणजे ३.७. एका मार्काला ०.२! तिसऱ्या वर्षी मोटर कंट्रोलच्या लॅबचा रिपोर्ट मी रात्री बारा वाजून तीन मिनिटांनी अपलोड केला. दहा टक्के कापले, विषयाला ८४ पडले. त्या तीन मिनिटांचं स्वप्न मला अजून पडतं.

त्यामुळे किन की लाइफ सायन्सेस, यात खरा प्रश्न एवढाच की पोराला ८५ च्या वर कुठे राहता येईल. ज्याला आजीच्या गुडघ्यात रस आहे आणि केमिस्ट्रीत ८३ पडतात, त्याला ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या दीड हजार पोरांच्या वर्गात ढकलून काय साधणार? पण केमिस्ट्री सुटत नाही हेही खरं. एमकॅट नावाची मेडिकलची प्रवेश परीक्षा आहे, चार भागांची, प्रत्येक भाग ११८ ते १३२, एकूण ५२८ पैकी, खुर्चीत सगळे मिळून साडेसात तास. त्यातल्या एका भागात केमिस्ट्री आणि फिजिक्सच बसलंय. किनवाले तिथेच मार खातात. मॅकमास्टर त्या चारांतला फक्त वाचन-विवेचनाचा भाग बघतं, ब्रॅम्प्टनला २०२५ मध्ये सुरू झालेलं नवं मेडिकल स्कूल एमकॅट मागतच नाही. क्वीन्सनं २०२४ पासून आणखीनच गंमत केलीय, ठरावीक उंबरठा ओलांडलेल्यांच्या चिठ्ठ्या काढून मुलाखतीला बोलावतात. आपल्या गावच्या भिशीसारखं.

मी तीनदा अर्ज केला. २०११, १२ आणि १३. पहिल्यांदा कुणी विचारलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा एका ठिकाणी मुलाखत झाली, चांगली झाली, आईनं अंबाबाईला नवस बोलला. मे महिन्यात नकार आला. मी गाडी टिम हॉर्टन्सच्या पार्किंगला लावून रडले आणि मग आत जाऊन डबल-डबल कॉफी घेतली. मला कोणी फसवलं नव्हतं, माझे मार्क काठावरचे होते, बस्स.

मधल्या काळात नुसत्या किनवर पोट भरलं का? भरलं, पण कोरडं. ऑन्टारियोत किनेसिऑलॉजिस्ट हा कायद्यानं नोंदणीकृत पेशा आहे, कॅनडात पहिल्यांदा इथेच झाला. कायदा २००७ चा, नोंदणी करणारं कॉलेज सुरू झालं १ एप्रिल २०१३ ला. हे कॉलेज म्हणजे शिकायचं नव्हे, आपल्या मेडिकल कौन्सिलसारखं. पहिल्या लोटात मीही परीक्षा देऊन नोंद केली. हृदयाच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम, कामावर पाठ धरलेल्यांना परत कामावर उभं करणं, कारखान्यात उभं राहायची-उचलायची पद्धत सुधारणं, अशी कामं असतात आणि चांगली असतात. मला मिळालेल्या क्लिनिकमध्ये मात्र निम्मा दिवस शेकायच्या पिशव्या गरम करण्यात आणि टॉवेलच्या घड्या घालण्यात जायचा. पेशंटला वीस मिनिटं. मी त्यातली बारा मिनिटं पाठीच्या मणक्यांचं चित्र काढून समजावत बसायची. मालकीणबाई दारातून घड्याळाकडे बोट दाखवायच्या. एकदा फारच चिडून म्हणाल्या, "तू इथे शाळा उघडलीयेस का?"

मग उघडली. २०१४-१५ ला बी.एड. केलं. एक वर्षाच्या बी.एड.ची ती शेवटची बॅच. सप्टेंबर २०१५ पासून ते चार सेमिस्टरचं झालं, शाळेतला सराव निदान ८० दिवसांचा, आमच्या वेळी ४० होता.

मास्तरकीबद्दल उद्या लिहिते. वह्या बोलावतायत.

तोवर साहेबांना एक काम द्या. हात टेबलावर पालथा नको, उताणा ठेवायचा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट किंचित आत वाकवायचं. मनगटाच्या मधोमध एक दोरी ताणून वर येते का बघा. पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूची ती दोरी. काही लोकांना ती जन्मतःच नसते, कुणाला एकाच हाताला असते, आणि नसली तरी काही अडत नाही. म्हणून तर सर्जन दुसरीकडे जोडायला लागली की तिथली काढून घेतात. मी दरवर्षी पीएसकेचा पहिला तास यावर घालवते.

मिल्टनकरीण (मंगळवार, सकाळी ६:५०)

धोबीपछाडताई, काय लिहिलंयत! ८४ आणि ८५ चं लेकाला वाचून दाखवलं. तो म्हणे "आई, मला माहितीये." मग मला का नाही सांगितलं कुणी? यांना अजून दाखवलेलं नाही, रात्री जेवताना दाखवणार. मास्तरकीचं लवकर लिहा. आणि मोडकी_छत्री, खुशाल पाठवा, सासूबाईंना प्रसिद्धी आवडते.

निवृत्त_शिट्टी (मंगळवार, दुपारी १:३०, भारतातून)

मी ज्या माणसाचं चित्र तुमच्या यजमानांच्या डोक्यात आहे तोच. पांढरी पँट, शिट्टी, सगळं. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या आणि खासगी शाळांत काढली. शिक्षण अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. १९१४ ची संस्था आहे, तिचं मैदान एकदा पाहा म्हणावं यजमानांना.

किनेसिऑलॉजी हा पेपर आम्हालाही होता बरं का. आमच्या सरांनी फळा सोडून मल्लखांबावर शिकवला. पोरगा वर चढला की खालून काठीनं दाखवायचे, हा सांधा बघा, आता वजन कुठे गेलं बघा. भारतात त्याची वेगळी पदवी ऐकिवात नाही, फिजिओथेरपीत आणि बी.पी.एड.मध्ये विषय म्हणून येतो. त्यामुळे तिकडून ही पदवी घेऊन कोणी म्हणालं की महाराष्ट्रात फिजिओचं दुकान टाकतो, तर ते होणार नाही. पण तुमच्या मुलाचा तसा विचार दिसत नाही.

राग नाही हो. सवय आहे. पावसाळ्यात गणिताचे सर आमचा तास मागून घ्यायचे, "मैदान ओलं आहे ना तुमचं" म्हणून. एकाही वर्षी आम्हाला गणिताचा तास परत मिळाला नाही.

धोबीपछाड (मंगळवार, रात्री ९:४५)

शिट्टीकाका, तास मागायची पद्धत इथेही आहे, फक्त इथे ई-मेल करून मागतात. काठीनं सांधा दाखवायची कल्पना मी उचलतेय. मल्लखांब नाही, वर्गातल्या दोरीवर करेन.

मिल्टनकरीणताई, साहेबांना एक माणूस सांगा. बास्केटबॉल ज्यानं शोधला तो जेम्स नेस्मिथ आपल्या ऑन्टारियोचाच, ऑटवाजवळच्या अल्मांटचा, जन्म १८६१. मॅकगिल विद्यापीठात व्यायामशिक्षक होता. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला हिवाळ्यात कंटाळलेल्या पोरांसाठी गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकून त्यानं हा खेळ काढला. आणि १८९८ ला हाच माणूस डेन्वरला एम.डी. झाला. पी.टी.चा मास्तर आणि डॉक्टर, दोन्ही एकाच अंगात. तुमचा लेक काही जगावेगळं बोलत नाहीये.

आता मास्तरकी. ही ओळ ठळक करून फ्रिजवर लावा, फिजिओच्या कागदाशेजारी: सातवी ते बारावीला शिकवायचं तर ऑन्टारियोत दोन विषय लागतात. एकावर भागत नाही. किनवाल्याचा पहिला विषय आपोआप शारीरिक शिक्षण होतो. दुसरा कुठला, हे त्यानं पहिल्या वर्षातच ठरवायचं, कारण त्याचेही पाच-सहा एका सेमिस्टरचे कोर्स झालेले लागतात. आकडा विद्यापीठागणिक वेगळा.

मी ठरवलं बायोलॉजी, आणि बिनधास्त होते, की फिजिओलॉजी, अ‍ॅनाटॉमी सगळं झालंय, वेगळं काय करायचं? बी.एड.चा अर्ज भरायला बसले तेव्हा उजेड पडला. त्या कोर्सच्या नावापुढे 'किन' लिहिलेलं, म्हणून ते शारीरिक शिक्षणात गेले. एक कोर्स दोन्ही खात्यांत धरत नाहीत. बायोलॉजीच्या खात्यात माझे जेमतेम दोन. क्लिनिकची नोकरी सांभाळून दोन उन्हाळ्यांत जेनेटिक्स, सेल बायोलॉजी आणि इकॉलॉजी केलं. इकॉलॉजीच्या सहलीत दलदलीत गुडघाभर उभं राहून मी बेडूक मोजत होते आणि डास मला मोजत होते. हे टाळता येतं हो. दर सेमिस्टरला एक बायोलॉजीचा कोर्स, बायोलॉजी खात्याचाच, एवढं पाळलं की मेडिकललाही उपयोग आणि बी.एड.लाही.

उलट गोष्टही आहे. काही बी.एड.वाले शारीरिक शिक्षणासाठी प्रत्यक्ष खेळांचे कोर्स झालेले मागतात, आणि काही किनच्या डिग्र्यांत ते नसतातच. तेव्हा अर्ज करायच्या आधी त्या विद्यापीठात डान्स, मैदानी खेळ असले प्रात्यक्षिकाचे कोर्स आहेत का ते बघा. काही ठिकाणी बी.एड. जोडूनच मिळतं, कॉन्करंट म्हणतात. पण ज्याला मेडिकलचाही अर्ज करायचाय, त्याला मी ते नको म्हणेन. पाय आधीच बांधून कशाला घ्यायचे?

साहेबांचा गणिताचा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे, मान्य करा. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक गल्लोगल्ली आहेत. गणित, फिजिक्स आणि फ्रेंचवाल्यांना शाळा शोधत येतात. मी चार वर्षं बदली शिक्षिका होते. पहाटे साडेपाचला यंत्राचा फोन यायचा, एक दाबा, दोन दाबा, आणि आठला कुठल्यातरी अनोळखी शाळेत हजर. ज्येष्ठतेच्या क्रमानं नेमायचा सरकारी नियम होता तेव्हा, तो २०२० ला गेला, पण माझी ती वर्षं गेलीच. कायम झाले २०१९ ला, तेही बायोलॉजीमुळे. शारीरिक शिक्षणाच्या जागेला माझ्यासारखे दीडशे अर्ज असतील असं मुख्याध्यापिका हसत म्हणाल्या होत्या. लेकाला फ्रेंच येत असेल तर ते सोडू देऊ नका. नववीनंतर सोडलं असेल तर... असो.

आणि मेडिकल वाईट लागलं का, असं कोणी विचारेलच म्हणून सांगते. लागलं. मैत्रिणीच्या पदवीदानाला गेले तेव्हा फोटोत मी हसतेय ते खोटं आहे, बारकाईनं बघितलं तर कळतं. आता आमच्या शाळेतली एक मुलगी, तिला मीच दोन वर्षांपूर्वी 'सखू, लाडू' शिकवलं, किनच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि डॉक्टर व्हायचं म्हणते. परवा तिचा मेसेज आला. नुसताच आकडा: ८६.

मोडकी_छत्री (मंगळवार, रात्री १०:३०)

८६!! पार्टी.

फ्रेंचबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्या मुलीनंही सोडलं. आम्हीच सोडू दिलं, "कुठे लागतंय" म्हणून.

मिल्टनकरीण (गुरुवार, रात्री ११:५५)

मंडळी, दोन दिवस लिहिलं नाही, कारण इथे खलबतं चालू होती.

फ्रेंच त्यानं नववीनंतर सोडलंय. ताई, तुमची तीन टिंबं आम्हा तिघांना लागली. उन्हाळ्यात परत धरतो म्हणतोय. बघू.

अर्जात किनेसिऑलॉजी तीन ठिकाणी, लाइफ सायन्सेस एका ठिकाणी, असं ठरलं. ते एक यांच्या समाधानासाठी. बायोलॉजीचा एक कोर्स दर सेमिस्टरला, हे त्यानं स्वतःच वहीत लिहून ठेवलं. काल रात्री तीनही विद्यापीठांचे कोर्स उघडून डान्स आणि मैदानी खेळ शोधत बसला होता. एका ठिकाणी मिळाले, एका ठिकाणी नाहीत, तिसऱ्याला ई-मेल केलाय.

यांना धागा दाखवला. शांतपणे वाचला. नेस्मिथवर "हं" म्हणाले. शिट्टीकाकांच्या गणिताच्या तासापाशी थांबले आणि म्हणाले, आमच्या शाळेत तो तास मागून घेणारे देशमुख सर माझे लाडके होते. मग उताणा हात टेबलावर ठेवला, अंगठा-करंगळी टेकवली. उजव्या हाताला दोरी अशी ताठ आली, की सासूबाईसुद्धा चष्मा लावून बघायला आल्या. डाव्या हाताला काही नाही. सपाट.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी डावं मनगट वाकवून बघतायत. लेक म्हणतो, बाबा, ती उगवत नसते.